माझ्या नावाचं बाळ

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. दोनदा बसलो, दोनदा सगळं पुसलं. पण आमच्या इमारतीत या प्रकरणाच्या अजूनही तीन-चार आवृत्त्या फिरतायत आणि त्यातल्या एकीतही मी धड माणूस नाही. एकीत मला बायकोने सोडलंय, एकीत मी बायकोला सोडलंय, आणि तळमजल्यावरच्या शिंप्याच्या आवृत्तीत तर मला दोन बायका आहेत. म्हणून म्हटलं, खरं काय ते एकदा लिहून मोकळं व्हावं. खरं फार छोटं आहे. मला दाराला पाटी लावायची होती. बास.

पाटीवर माझं नाव. ते इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात ते आत्ता पाळण्यात निजलं असेल, आणि मी त्याबद्दल जे बोलणार आहे ते वाचून आईबापांचा मूड जायला नको. एवढंच सांगतो की नाव लांबलचक आहे, त्यात दोन जोडाक्षरं आहेत, आणि ते घ्यायच्या आधी माणसाला घसा साफ करावा लागतो. पणजोबांचं नाव. वडिलांनी हौसेने ठेवलं. शाळेत पहिल्या दिवशी हजेरी घेताना बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, परत चष्मा लावला. त्या दिवसापासून मी 'आजोबा'. सहाव्या वर्षी माणूस आजोबा झाला की पुढे आयुष्यात फारशी बढती उरत नाही.

आता मी सव्वीस वर्षांचा आहे, एकटा राहतो, तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि एक स्वयंपाकघर म्हणायला ओटा. काम घरूनच. कपडे धुण्याच्या मशीनच्या कंपनीचं चॅट सांभाळतो. म्हणजे तुमचं मशीन पाणी भरून घेतं आणि सोडत नाही, तेव्हा तुम्ही रागारागाने टाइप करता आणि पलीकडून जो 'झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत' म्हणतो, तो मी. कॉलेज अर्धवट सुटलं; मशीनचं जे काय कळतं ते व्हिडिओ बघून आणि स्वतःच्या मशीनची वाट लावून शिकलो. स्क्रीनवर माझं नाव 'आपला मदतनीस' असं येतं. लोक विचारतात, तू माणूस आहेस का? मी हो म्हणतो. त्यांना पटत नाही. कधी कधी मलाही दुपारनंतर फारसं पटत नाही.

सांगायचा मुद्दा, दिवसच्या दिवस माझं नाव कुणी घेत नाही. आई होती तेव्हा ती घ्यायची. अख्खं, एकही अक्षर न खाता. ती गेल्यापासून नाव तसं बंदच आहे, पाहुण्यांची खोली असते तसं.

अशात कुठल्याशा राजघराण्यात नातू झाला. मला काय त्याचं? माझा त्या घराण्याशी संबंध एवढाच की त्यांच्याकडच्या लग्नाच्या दिवशी चॅटला गर्दी नव्हती. पण राजवाड्याच्या फाटकावर कागद चिकटवला गेला, टीव्हीवर बाई उजळ चेहऱ्याने वाचायला लागली, आणि राजपुत्राच्या लांबलचक नावातलं पहिलंच नाव माझं निघालं. मी हातातला ब्रेड खाली ठेवला. चार तज्ज्ञ चर्चेला बसले. एक म्हणाले, "भारदस्त नाव आहे." दुसरे म्हणाले, "काळाच्या कसोटीला उतरलेलं." तिसऱ्या बाई म्हणाल्या, "या नावात एक शांतपणा आहे." याच नावावरून आमच्या कवायतीच्या सरांनी मला विचारलं होतं, काठी आणलीस का रे? पण असो. राजाच्या घरी गेलं की तांब्याचाही कलश होतो.

वर्षभरात ते नाव गल्लीत साथीसारखं पसरलं. आधी ते म्हणे बाळांच्या नावांच्या कुठल्याच यादीत नव्हतं, आता तिसऱ्या नंबरवर होतं. प्रसूतिगृहातून थेट माझ्या नावाची माणसं बाहेर पडायला लागली. एक दिवस मी दुकानातून येताना पुड्यातलं बिस्किट तोंडात टाकलं आणि मागून कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं, "तोंडातलं काढ! काढ आधी! छी!" मी काढलं. बघतो तर बाबागाडीत एक माणूस चपलेचा पट्टा चघळत बसलेला. त्याने चपलेचा पट्टा तोंडातच ठेवला. आमच्यापैकी शहाणा कोण ते तुम्हीच ठरवा.

तरी हाकेला वळायची खोड जाईना. सहा-सात वर्षांत कुणी हाक मारली नव्हती, आता दिवसातून दहादा मारत होते, आणि त्यातली एकही माझ्यासाठी नव्हती.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना मुलगा झाला. नाव काय ठेवलं असेल? पार्सलं उलटसुलट व्हायला लागली. माझे बूट त्यांच्याकडे, त्यांची लंगोटांची पाकिटं माझ्याकडे. मी पाकीट घेऊन खाली गेलो, म्हटलं, "वहिनी, हे तुमचं. माझंही नाव तेच आहे ना, म्हणून घोटाळा होतो."

"अय्या!" त्या म्हणाल्या. "तुम्ही पण राजपुत्रावरून ठेवलं?"

"मी सव्वीस वर्षांचा आहे, वहिनी."

"मग मोठेपणी बदलून घेतलंत?" आणि आत वळून नवऱ्याला, "अहो, ऐकलं का, यांनी आपलं नाव उचललंय!"

त्या क्षणी मी ठरवलं, दाराला पाटी लावायची. ठसठशीत. माझ्या घरात, माझ्या नावाचा, मी राहतो. एवढं लोकांना कळायला काय हरकत आहे?

पाटीवाल्याला फोन केला. त्याने नाव लिहून घेतलं, एकदा उलट वाचून दाखवलं. मी आडनाव सांगायला लागलो तर म्हणाला, "आडनाव कशाला साहेब? हल्ली नुसतंच लावतात. गोड दिसतं." माझ्या बाबतीत 'गोड' हा शब्द कुणी फारसा वापरत नाही, त्यामुळे मी जरा भुललो आणि हो म्हणालो.

पाटी आली. फिकट निळी. माझ्या नावाच्या वर सोनेरी मुकुट, उजव्या बाजूला चंद्र, आणि खाली पिवळं बदक. बदक हसत होतं.

मी तडक दुकान गाठलं. पाटीवाला शांतपणे म्हणाला, "या नावाच्या सगळ्या पाट्या अशाच जातात. ढिगाने केल्यात."

"मग ही त्यातल्याच कुणाला तरी द्या आणि मला साधी करून द्या."

"त्यांच्या झाल्यात ना."

"अहो, मला बदक नकोय."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाळाच्या आईला विचारलंत का?"

साधी पाटी करायला पंधरवडा लागेल म्हणाला. तोवर हीच लावू, बदकावर कागद चिकटवू, असा माझा बेत. भिंतीला भोक पाडायला यंत्र लावलं, तशी समोरच्या मावशी दार उघडून बाहेर आल्या. या मावशी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, आता निवृत्त. दोन वर्षं आमची दारं समोरासमोर, पण बोलणं म्हणजे जिन्यात "लाइट गेली का?" "गेली वाटतं." एवढंच. त्यांनी पाटी बघितली. बदक बघितलं. मग माझ्या हातातलं यंत्र बघून कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "अरे, झोपलं असेल ना ते! बंद कर आधी!"

"कोण?"

"बाळ."

"मावशी, बाळ नाहीये."

मी अगदी सरळ, स्वच्छ, खरं बोललो. तुम्हीच सांगा, यापेक्षा खरं कसं बोलतात? मावशींचे डोळे एकदम भरून आले.

"नेलं का तिने?" त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"राहू दे, नको बोलूस." माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या. "पाटी मात्र लावतोयस. बापाचं काळीज."

"अहो मावशी, माझं लग्नच झालेलं नाही!"

त्यांनी तोंडावर हात ठेवला. "लग्नही नाही!" आणि त्या आत गेल्या. मला वाटलं संपलं. पाच मिनिटांत सूपचा वाडगा घेऊन परत आल्या.

संध्याकाळपर्यंत इमारत पेटली. सेक्रेटरी काका आले. हे काका पाण्याच्या टाकीच्या कुलपाखेरीज कशासाठीच कुणाच्या दारात जात नाहीत, ते माझ्या एकुलत्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "घाबरायचं नाही. माझा साडू वकील आहे. बापालाही हक्क असतो."

"काका, मुळात बाळच नाहीये."

"तसंच म्हणायचं," काका म्हणाले. "कोर्टात सुरुवातीला कमी बोलायचं. हुशार आहेस."

शिंप्याने सदऱ्याची बटणं फुकट लावून दिली आणि जाताना म्हणाला, "दुसरी तरी नीट वागते ना?" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी स्वतःचं बाळ कडेवर घेऊन आल्या, नावाबद्दल माफी मागितली आणि म्हणाल्या, "भाऊ, घ्या थोडा वेळ याला. बरं वाटेल." मी घेतलं. माझ्या नावाचा तो इसम माझ्याकडे बराच वेळ रोखून बघत राहिला आणि मग सदऱ्यावर ओकला.

आणि आता एक गोष्ट सांगतो, ती हसण्यावारी नेऊ नका. माझ्या खोलीत त्या आठवड्यात रोज कुणी ना कुणी होतं. मावशी ओट्याशी उभ्या राहून त्यांच्या वॉर्डातल्या गोष्टी सांगायच्या. काका चहा पिऊन माझ्या टेबलाचा हलता पाय ठोकून गेले. मी सगळ्यांना खरं सांगत होतो, रोज, न चुकता. पण कुणी ऐकत नव्हतं, आणि मीही हळूहळू आवाज चढवायचं सोडून दिलं. दार वाजलं की मी काम टाकून उघडायला धावायचो. मग लक्षात यायचं की हे दार माझ्यासाठी वाजत नाहीये. जे बाळ नाहीच, त्याच्यासाठी वाजतंय. जन्माला न येता त्याच्या ओळखी माझ्यापेक्षा जास्त झाल्या होत्या.

पुढचा घोळ लसवाल्या ताईंनी केला. घरोघरी फिरून त्या लहान मुलांची नोंद घेतात. पाटी बघून थांबल्या. मी ओळखपत्र दाखवलं, म्हटलं हे नाव माझं आहे, मोठ्या माणसाचं. त्यांनी त्यांच्या मोबाइलवर बोटं फिरवली.

"घेत नाही," त्या म्हणाल्या.

"काय घेत नाही?"

"तुमचं वय. या नावाला एकतर एक वर्षाच्या आतलं घेतंय, नाहीतर नव्वदच्या पुढचं. मधलं टाकलं की लाल होतं."

"मग मी काय करू?"

"सध्या लहानात टाकते. ऑफिसात जाऊन दुरुस्त करून घ्या. नाही गेलात तर गोवराच्या लसीला या."

ऑफिस म्हणजे लांब व्हरांडा, बाकं, आणि एकाच खिडकीला उजेड. नावदुरुस्तीची खिडकी अर्थातच दुसरी. मी जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने खिडकीतून माझं नाव पुकारलं गेलं. मी उभा राहिलो. माझ्याबरोबर दोन बायका बाळांना घेऊन उभ्या राहिल्या. आणि बाकाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, हळूहळू, पण फार उत्साहाने उभे राहिले.

कारकुनाने आमच्याकडे बघितलं. "एकेकानं या ना. अख्खं खानदान घेऊन काय येता?"

बायकांना आधी सोडलं. आम्ही दोघं परत बसलो. ते गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझंही तेच?"

"तेच."

"एवढ्या लहान वयात!" ते म्हणाले. "वाईट वाटलं ऐकून." आणि हसायला लागले. त्यांचे खांदे हलले तरी आवाज येत नव्हता. "मला गोवराच्या लसीला बोलावलंय. बाकी डॉक्टर सांगतात हे खाऊ नका, ते चढू नका. पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं की बाळाची वाढ चांगली होतेय."

ते ब्याऐंशी वर्षांचे, जन्मभर लिफ्टदुरुस्तीचं काम केलेले. एकटेच राहतात, माझ्या पलीकडच्या गल्लीत, तळमजल्यावर. लिफ्टवाला तळमजल्यावर राहतो हे मला जरा गमतीचं वाटलं, तसं म्हणालोही. ते म्हणाले, "लिफ्ट आतून बघितलेला माणूस तळमजल्यावरच राहतो."

खिडकीवर माझी पाळी आली. कारकून भला माणूस होता, पण कंटाळलेला. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "वय दुरुस्त करायला वरून परवानगी लागते. नाव बदलायला लागत नाही. नाव बदला की. तरुण आहात, एखादं सुटसुटीत घ्या. अर्ज इथेच मिळतो, आजच होऊन जाईल."

आणि मी तो घेतला, खरंच. खोटं कशाला बोलू? बाकावर बसून लिहायला लागलो. मनात म्हटलं, या नावात आता माझं काय राहिलंय? हाक मारणारी गेली, उरलेलं पोरांनी नेलं. 'नवीन नाव' या रकान्यापाशी येऊन थांबलो आणि काही सुचेना. दुसऱ्यांची मशीनं सुरू करून देणारा मी, मला स्वतःसाठी एक शब्द सुचेना.

लिफ्टवाले काका वाकून वाचत होते. "बदलतोयस?"

"कुणी वापरत नाही, काका. ठेवून काय करू?"

त्यांनी दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाले, "मघाशी त्यांनी पुकारलं ना, तेव्हा मी किती घाईने उठलो बघितलंस? गुडघे दुखतात माझे. तरी उठलो. कारण नुसतं नाव पुकारलं. काका नाही, आजोबा नाही. बायको 'अहो' म्हणायची. पोरं 'बाबा', ती लांब गेली, फोनवरही 'बाबा'च. कामावर 'लिफ्टवाले'. नावाने अरे-तुरे करणारे दोघंच होते, माझा भाऊ आणि एक मित्र. भाऊ जाऊन वर्षं झाली. मित्र परवाच्या थंडीत गेला. आता माझ्याहून मोठं कुणी उरलंच नाही. सगळे मान देतात. मानाने फार गारठायला होतं रे."

अर्ज तसाच बाकावर राहिला. मी मुद्दाम सोडला की विसरलो, हे मलाही नक्की सांगता येणार नाही.

आम्ही बरोबर निघालो. त्यांना बदक बघायचं होतं. तीन मजले चढायला त्यांनी बराच वेळ घेतला, प्रत्येक मजल्यावर थांबून जिन्याच्या मोकळ्या भिंतीकडे बघत म्हणायचे, "इथे लिफ्ट बसली असती. आरामात बसली असती." पाटी बघून परत ते बिनआवाजाचं हसले. तेवढ्यात मावशींनी दार उघडलं, मागे सेक्रेटरी काका वकील साडूचा निरोप घेऊन उभेच होते.

"हे कोण?" मावशींनी विचारलं. "बाळाचे पणजोबा का?"

"नाही," लिफ्टवाले काका म्हणाले आणि पाटीवर बोट ठेवलं. "हे माझं नाव. आणि याचंही. बाळ-बीळ कुणी नाही हो. पाटीवाल्याने चुकून बदक काढलं."

गंमत बघा. इतके दिवस हेच मी घसा फोडून सांगत होतो. पण पांढऱ्या केसांतून आलेलं त्यांना लगेच पटलं.

"म्हणजे नाहीच?" मावशी म्हणाल्या. "कधीच नव्हतं?"

"मी सांगत होतो, मावशी."

"अरे, मी रडले त्याच्यासाठी!" त्यांचा आवाज फुटला. "दोन रात्री झोप नाही मला!" आणि आत आल्या, ओट्यावरून आपला वाडगा उचलला आणि गेल्या. सेक्रेटरी काका म्हणाले, "साडूला आता काय तोंड दाखवू मी?" आणि तेही गेले. खाली वहिनींचं दार लागलं, मग शिंप्याचं शटर. जिना असा रिकामा झाला, जसा दोन वर्षं होता.

लिफ्टवाले काका म्हणाले, "माझ्यामुळे झालं का?"

"नाही हो. ते माझ्याकडे आलेच नव्हते."

आम्ही चहा घेतला. खिडकीतून समोरची गच्ची दिसते, तिथे कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या, त्या बघत बसलो. जायला उठले तेव्हा जिन्याच्या कठड्याला धरून म्हणाले, "एक काम करशील? मला एकदा नावाने हाक मार. नुसतं नाव. एकेरी."

"काका, तुम्ही ब्याऐंशीचे. मला कसं जमेल?"

"माझं नाव ते तुझंच. स्वतःला तू 'अहो' म्हणतोस का?"

ते खाली उतरले. एक मजला, दुसरा, मग अगदी तळाशी पोचून उभे राहिले. वरून त्यांची टोपी आणि बुटांची टोकं एवढंच दिसत होतं. मी घसा साफ केला. पहिल्यांदा नाव अर्धंच बाहेर आलं, पुढे 'काका' लागलं. ते हलले नाहीत. दुसऱ्यांदा पोटातून हाक मारली, अख्खी, दोन्ही जोडाक्षरांसकट. स्वतःचं नाव मी इतक्या मोठ्याने आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. जिनाभर घुमलं.

दुसऱ्या मजल्यावर बाळ दचकून रडायला लागलं. वहिनी आतून ओरडल्या, "आत्ता झोपला होता हो!"

आणि त्या रडण्याच्या खालून, तळमजल्यावरून, एखाद्या पोरासारखा लांबलचक आवाज आला, "ओ...!"

मी कठड्यावरून जितकं वाकता येईल तितकं वाकलो.

"उद्या येतो मी," मी ओरडून सांगितलं. "तुझ्या खिडकीखाली उभा राहून हाक मारतो. आणि तू ओ दिल्याशिवाय तिथून हलणार नाही."